अमेरिकेतल्या कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायला जाताना समर सेशन (फॉलच्या आधीचं उन्हाळी सत्र) घ्यायचं की नाही?

जमत असेल तर घे. मुलींच्या कॉलेज व्हॉलीबॉलचा सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, सराव त्याआधीच. म्हणजे फॉल सेमिस्टरच्या (ऑगस्टमधल्या सत्राच्या) पहिल्याच आठवड्यात मॅच, प्रवास आणि नवे वर्ग एकदम अंगावर येतात. एनसीएए (कॉलेज खेळांची अमेरिकी संघटना) सीझनमध्ये सरावाला आठवड्याला 20 तासांची मर्यादा घालते, पण त्यात प्रवास धरत नाहीत!

खरा फायदा गणिताचा आहे. पदवीला साधारण 120 क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेली एककं), म्हणजे वर्षाला 30. उन्हाळ्यात 6 झाले की फॉल आणि स्प्रिंगला (जानेवारीपासूनच्या सत्राला) 12-12 घेऊनही वर्ष पूर्ण. मात्र 12 च्या खाली जाऊ नकोस, पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून नाव राहत नाही आणि खेळणंही अडतं.

नवी मुलं इथे चुकतात:
- सहा आठवड्यांच्या सत्रात लॅबवाली केमिस्ट्री घेतात. पूर्ण सेमिस्टरचा अभ्यास त्यात कोंबलेला असतो. लेखनाचा एखादा आणि सोपा एखादा विषय पुरे.
- स्कॉलरशिपमध्ये उन्हाळाही आला असं गृहीत धरतात. बऱ्याचदा तो वेगळा असतो. कोचकडून लेखी घे.
- भारतातून येणारे आय-20 (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) वरची सत्र सुरू होण्याची तारीख बघत नाहीत. एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर त्या तारखेच्या 30 दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, म्हणून समरचीच तारीख टाकून घे.

ट्रान्सफर, मेजर (मुख्य विषय) बदलणं वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. या आठवड्यात अकॅडमिक अ‍ॅडव्हायझरला मेल टाक.