पोलादी जहाजाला शिडे कशासाठी?

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोत जतन केलेल्या ‘बालक्लूथा’ या पोलादी मालवाहू जहाजाचे छायाचित्र पाहिले. ते १८८६ मध्ये, म्हणजे आगबोटींच्या काळात बांधलेले आहे. मग त्याला शिडे का लावली आणि ते इतकी वर्षे टिकले कसे? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आगबोटीला वाटेत ठिकठिकाणी कोळसा घ्यावा लागे आणि लांबच्या सफरीत मालाची बरीच जागा इंधनच अडवून बसे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई-युरोप वाहतूक आगबोटींकडे वळली. त्याआधी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे ज्याला सोन्याचा भाव आला, तो आपल्या खानदेशचा कापूस मुख्यतः आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजांतूनच विलायतेला जात असे. कॅलिफोर्नियातून युरोपला जाणाऱ्या गव्हासाठी मात्र पनामा कालवा होईपर्यंत केप हॉर्नचाच, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाचाच, वळसा होता. गव्हाला घाई नव्हती आणि वाऱ्याला पैसे पडत नव्हते, म्हणून पोलादाचा ऐसपैस खण आणि तीन डोलकाठ्या हा मेळ मालकांना परवडला.

ग्लासगोत चार्ल्स कॉनेल यांच्या गोदीत बांधलेले हे जहाज १५ जानेवारी १८८७ रोजी २,६५० टन कोळसा घेऊन कार्डिफहून निघाले आणि १४० दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. खलाशी अवघे २६. वादळात डोलकाठीवर चढायचे, आडव्या काठीखाली ताणलेल्या दोरावर पाय रोवायचे, पोटाने काठीवर रेलायचे आणि भिजून फळीसारखे कडक झालेले शीड मुठींनी ओढून गुंडाळायचे, हे त्यांचे काम होते. केप हॉर्नला या जहाजाने सतरा वेळा वळसा घातला. जहाजाने रंगूनचा तांदूळ आणि न्यूझीलंडची लोकरही वाहिली.

१९०४ मध्ये ते अलास्काजवळ खडकावर चढले, तेव्हा अलास्का पॅकर्स असोसिएशन या मासे डबाबंद करणाऱ्या कंपनीने ते जागच्या जागी पाचशे डॉलरला विकत घेतले, दुरुस्त केले आणि ‘स्टार ऑफ अलास्का’ या नावाने १९३० पर्यंत वापरले. वसंतात मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचे कामगार आणि सामान उत्तरेला न्यायचे, शरदात सॅमन माशांचे डबे आणायचे, असा हा क्रम होता. चिनी आणि पुढे फिलिपिनो व मेक्सिकन कामगार खालच्या मजल्यावर दाटीवाटीने झोपत. केप हॉर्नच्या शौर्यकथांइतकेच त्यांच्या कष्टांचेही वर्णन व्हायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे : अशी बहुतेक जहाजे भंगारात गेली, परंतु याला पडेल ते काम मिळत राहिले.

पुढे ते काही वर्षे प्रदर्शनासाठी वापरले गेले. १९५४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सागरी संग्रहालयाने ते २५ हजार डॉलरला घेतले आणि बंदरातील कामगार संघटनांच्या विनामूल्य श्रमांतून त्याची डागडुजी झाली. १९७८ पासून ते अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे.