आंधळ्या कोंबडीला उजेड कळला कसा?

प्रश्न: आमच्याकडे तीसेक गावठी कोंबड्या आहेत. एकीचे दोन्ही डोळे देवीच्या रोगात गेले, तिला मी हातानं चारते. दिवाळीनंतर सगळ्यांचीच अंडी आटली म्हणून खुराड्यात पहाटे एलईडी बल्ब लावू लागले. महिन्याभरात अंडी सुरू झाली, आंधळीचीसुद्धा! सासूबाई म्हणतात, उबेमुळे. खरं काय?
– एक वाचक, फलटण तालुका

उत्तर: ताई, एलईडीची ऊब ती कितीशी! तरी सासूबाईंना हसू नका, हा प्रश्न जुना आहे. १९२०च्या दशकात कॅनडातल्या एडमंटनला विल्यम रोवन यांनी जुन्को नावाचे चिमणीएवढे पक्षी हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि बल्ब लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढवला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, तरी नरांची वृषणं वसंतात वाढावीत तशी वाढली. म्हणजे ऊब नव्हे, दिवसाची लांबी.

आता तुमची आंधळी. अंधारात विजेरी तळहाताला टेकवून पेटवा, बोटांच्या फटी लालबुंद दिसतील. तांबडा उजेड मांसातून असा आरपार जातो. पक्ष्याची कवटी तर फारच पातळ, त्यामुळे तो थेट मेंदूपर्यंत पोचतो. अमेरिकेत मायकेल मेनाकर यांनी काही चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं उपटली आणि काहींच्या टाळूच्या कातडीखाली काळी शाई भरली. मंद उजेडात पिसं उपटलेल्यांची वृषणं वाढली, शाईवाल्यांची नाही. डोळे दोघींचेही उघडेच होते! मला हा प्रयोग भारी आवडतो. शाईची बाटली आणि चिमटा, एवढ्यावर निकाल.

आत काय घडतं ते जपानमध्ये नागोया विद्यापीठात ताकाशी योशिमुरा यांच्या गटानं बटेरांवर पाहिलं. ८ तासांचा दिवस एकदम २० तासांचा केला. पहिल्याच लांब दिवशी, उजाडल्यापासून साधारण १४ तासांनी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या देठाशी थायरॉइडला चेतवणारं संप्रेरक वाढू लागलं. गंमत अशी की इथे ते गळ्यातल्या थायरॉइडकडे न जाता उलट वर, मेंदूकडे जातं. तिथे थायरॉइडचं संप्रेरक जास्त जोरकस रूपात बदलतं आणि मग पियुषिकेला हुकूम सुटतो: अंडाशय जागं करा. डोळ्यांवाचून हे काही अडत नाही.

उजेड आणि अंधार मिळून १६ तासांपुढे दिवस ताणू नका. चुकलो, दिवसाचा आणि बल्बचा उजेड मिळून म्हणायचं होतं. पाच महिन्यांखालच्या तलंगांना मात्र बल्बाखाली ठेवू नका. नोकरीत नवा असताना मी एकाला तसा सल्ला दिला होता. तलंगा लवकर अंड्यावर आल्या, अंडी लिंबाएवढी, आणि दोघींचं अंग बाहेर आलं.

तुम्ही पहाटे बल्ब लावता तेच बरं. संध्याकाळी लावून एकदम बंद केला, तर दांडीवर चढायच्या आत काळोख होतो आणि आंधळी सोडून बाकी सगळ्या चाचपडत बसतात.