अमेरिकेत फायर ब्रिगेडचे संदेश ऐकायला स्वस्तातला स्कॅनर कोणता घ्यावा? की फोनवरचं अ‍ॅप पुरेसं आहे?

अ‍ॅप पुरेसं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'घरचे म्हणतात फोन असताना डब्यावर पैसे कशाला घालायचे', आणि ते वाचून मला राहवलं नाही. आमच्याकडे हेच वाक्य वर्षानुवर्षं चालू होतं.

तुम्ही उत्तर कॅलिफोर्नियात नुकतेच आला आहात, बजेट दीडशे डॉलरपर्यंत आहे, आणि आगीच्या दिवसांत आसपास काय चाललंय ते कळायला हवं आहे. तर युनिडेन कंपनीचा बीसी१२५एटी हा स्कॅनर घ्या, म्हणजे रेडिओवरचं बोलणं फक्त ऐकवणारं हातातलं यंत्र. पाचशे चॅनल बसतात, प्रत्येक चॅनलला नाव देता येतं, दोन साध्या डबल-ए सेलवर चालतो आणि बजेटमध्ये बसतो. त्याहून स्वस्त बीसी७५एक्सएलटी आहे, पण त्यात चॅनलला नावं देता येत नाहीत. रात्री तीन वाजता नुसते फ्रिक्वेन्सीचे आकडे बघून कोण बोलतंय हे ओळखायला जमणार नाही, म्हणून तो नको.

आता हे का म्हणतो ते सांगतो.

मी सोनोमा काउंटीत राहतो, सांता रोझाच्या दक्षिणेला. २०१७च्या ८ ऑक्टोबरच्या रात्री टब्स फायर कॅलिस्टोगाजवळ सुरू झाली आणि पहाटेपर्यंत सहापदरी १०१ हायवे ओलांडून कॉफी पार्कमध्ये शिरली. २२ माणसं गेली. त्या रात्री काउंटीने सगळ्यांच्या मोबाइलवर वाजणारा सरसकट इशारा पाठवलाच नाही. तो फार मोठ्या भागात जाईल आणि रस्ते तुंबतील अशी भीती होती. ज्यांनी आधी नाव नोंदवलं होतं त्यांना मेसेज गेले, काहींना फोन गेले. बाकीच्यांना शेजाऱ्यांनी दार बडवून उठवलं. पण रेडिओवर सगळं बोललं जात होतं. आग कुठे आहे, कुठल्या रस्त्यावरून लोक बाहेर काढायचे, सगळं. त्यानंतर मी स्कॅनर घेतला.

माझे साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, विंडसरला राहतात. ते सॉफ्टवेअरमधले. त्यांचं म्हणणं ठाम, "अहो, हेच सगळं फोनवर फुकट ऐकू येतं. हा डबा कशाला?" प्रत्येक गणपतीला, प्रत्येक वाढदिवसाला हा विषय निघायचा. मी सांगायचो की अ‍ॅपवर जो आवाज येतो तो कुणाच्या तरी घरातल्या स्कॅनरचाच असतो. कुणीतरी हौसेने आपला स्कॅनर कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि तो इंटरनेटवरून तुमच्यापर्यंत येतो. त्याची वीज गेली की तुमचं ऐकणं बंद. शिवाय तो आवाज अर्धा-एक मिनिट, कधी त्याहून जास्त उशिरा येतो. हे त्यांना पटायचं नाही.

मग २०१९ची दिवाळी आली. २३ ऑक्टोबरला रात्री गीझर्सजवळ किनकेड फायर पेटली. शनिवारी, २६ तारखेला सकाळी विंडसर आणि हील्ड्सबर्ग रिकामं करायचा आदेश निघाला. साडू, मेव्हणी आणि मुलं दोन गाड्या भरून आमच्याकडे आली, चकलीच्या डब्यासकट. संध्याकाळी वारा वाढणार म्हणून वीज कंपनीने ठरवून वीज बंद केली. रात्री उशिरा मोबाइलही जेमतेम चालत होते. टॉवरच्या बॅटऱ्या किती वेळ पुरणार? साडूंच्या फोनवर ते गोल चक्र फिरत राहिलं आणि शेवटी त्यांनी फोन पालथा ठेवला.

मी स्कॅनर जेवणाच्या टेबलावरून उचलून उत्तरेच्या खिडकीच्या काचेला टेकवून उभा केला. मूळचा रबरी अँटेना काढून त्या जागी लांब, लवचीक अँटेना लावलेला होता. तीसेक डॉलरात मिळतो, बीएनसी सांधा असल्याने फिरवून बसवायचा. पडद्यावर मी दिलेलं नाव उमटलं, कमांडचं (आग विझवणाऱ्यांचे प्रमुख ज्यावर बोलतात तो चॅनल), आणि माणूस बोलायला लागला. आवाज इतका शांत, की बायकोने विचारलं, हे खरंच आगीतून बोलताहेत का? चॉक हिलच्या बाजूला आग कुठवर आली, कुठल्या डिव्हिजनला आणखी स्ट्राइक टीम हव्यात, असं चाललं होतं. स्ट्राइक टीम म्हणजे पाच बंब आणि एक प्रमुख. डिव्हिजन म्हणजे आगीच्या कडेचा वाटून दिलेला एकेक भाग, त्यांना अक्षरं असतात. आग जिथे सुरू झाली तिथे उभं राहून ती जिकडे सरकतेय तिकडे तोंड केलं, की डावीकडून 'ए' सुरू होतो आणि उजव्या हाताला 'झेड' येतो. हे एकदा कळलं की नकाशा उघडून बसता येतं. मी आणि साडू कागदी नकाशा पसरून टॉर्चच्या उजेडात तेच करत होतो. त्यांची सोसायटी कुठल्या डिव्हिजनच्या समोर येते ते त्यांनीच बोट ठेवून दाखवलं.

त्या रात्री सगळ्यांना धास्ती होती ती आगीने १०१ ओलांडण्याची. ओलांडली असती तर पुढे पार समुद्रापर्यंत रान मोकळं होतं. रविवारी पहाटे सांता रोझाच्या उत्तरेकडच्या वस्त्याही रिकाम्या करायला लागले. आमच्या दारात आदेश आला नाही, पण गाड्या तोंड रस्त्याकडे करून लावलेल्या होत्या आणि कधी निघायचं याचा अंदाज आम्हाला होता. उजाडल्यावर जवान विंडसरच्या कडेच्या घरांमध्ये उभे राहून लढत होते आणि त्यांनी गाव राखलं. त्या आगीत ३७४ बांधकामं गेली, माणूस एकही गेला नाही. साडूंचं घर शाबूत राहिलं. लक्ष्मीपूजन आम्ही संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात आमच्याच घरी केलं, स्कॅनर हळू आवाजात चालू ठेवून. बंद करू नका असं साडूच म्हणाले.

आता तुम्ही विचाराल, २०१९ला ठीक होतं, आज आगीच्या बातम्या देणारं वॉच ड्यूटी अ‍ॅप आहे की. आहे, आणि ते फार चांगलं आहे. २०२१मध्ये आमच्याच काउंटीतून सुरू झालं, मी रोज बघतो, तुम्हीही ठेवा. पण त्यावर बातमी टाकणारे लोक ती कुठून घेतात? स्कॅनर ऐकून. फोनला नेटवर्क असेपर्यंत त्यांचं ऐका, नेटवर्क गेलं की तुमच्या हातात काय आहे ते बघा.

खरेदीकडे परत येतो. बीसी१२५एटी फक्त अ‍ॅनालॉग, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीचं रेडिओवरचं बोलणं ऐकतो, आणि इथे लोक फसतात. कॅल फायर, म्हणजे राज्याचं दल, आजही १५१ मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या व्हीएचएफ अ‍ॅनालॉगवर आहे, त्यामुळे रानातल्या आगींना हा स्कॅनर उत्तम. पण पुष्कळ शहरं आणि काउंट्या पी-२५ या डिजिटल पद्धतीवर, ट्रंकिंगवर (ज्यात कॉम्प्युटर चॅनल वाटून देतो) गेल्या आहेत. तिथे हा मुका बसेल. तुम्ही काउंटीचं नाव लिहिलं नाहीत, म्हणून तुमच्या स्थानिक दलाचं मी सांगू शकत नाही. रेडिओरेफरन्स या फ्रिक्वेन्सींची यादी देणाऱ्या साइटवर काउंटी निवडून बघा. 'एफएम' किंवा 'एफएमएन', म्हणजे अ‍ॅनालॉग, लिहिलं असेल तर घ्या, 'पी२५' असेल तर थांबा. डिजिटलचा चांगला हातातला स्कॅनर, एसडीएस१००, सहाशे-सातशे डॉलरच्या घरात जातो. तेवढे नसतील तर आरटीएल-एसडीआरचा तीस-चाळीस डॉलरचा डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉपवर एसडीआरट्रंक हे फुकट सॉफ्टवेअर. चालतं झकास, पण वीज गेल्यावर लॅपटॉप किती तास टिकेल याचा विचार करा.

बाओफेंगचा वॉकीटॉकी घेऊ नका. पंचवीस डॉलरला मिळतो म्हणून सगळे सुचवतात. त्याचं स्कॅनिंग रडतखडत चालतं, आणि मुख्य म्हणजे त्याला बोलायचं बटण आहे. पोराच्या हातून फायरच्या चॅनलवर ते दाबलं गेलं तर आगीत उभ्या असलेल्या माणसाचा संदेश दाबला जाईल. ऐकणाऱ्याच्या हातात फक्त ऐकणारं यंत्र असावं, यावर मी वाद घालत नाही.

चॅनल भरताना आधी कॅल फायरच्या तुमच्या भागातल्या युनिटचे डिस्पॅच (बंब कुठे पाठवायचे ते सांगणारा चॅनल) आणि कमांड भरा. कमांड डोंगरावरच्या रिपीटरवरून, म्हणजे संदेश पकडून पुन्हा पुढे पाठवणाऱ्या यंत्रावरून येतो, म्हणून लांबूनही ऐकू येतो. टॅक्टिकल चॅनल बंबाकडून बंबाकडे थेट असतात, आग जवळ असली तरच मिळतील. विमानांचं एअर-टू-ग्राउंड १५१.२२० टाका, दिवसा सगळ्यात जास्त माहिती तिथे असते. हवामान खात्याचे १६२.४०० ते १६२.५५० मधले सात चॅनल यंत्रात आधीच असतात.

पोलिसांचंही विचारलं होतं. राज्याच्या न्याय खात्याने ऑक्टोबर २०२०मध्ये लोकांची खासगी माहिती हवेत उघडी बोलू नका असं बजावलं, तेव्हापासून बऱ्याच पोलिस खात्यांनी रेडिओ एन्क्रिप्ट केला, म्हणजे बाहेरच्याला कळणार नाही असा सांकेतिक केला. सातशे डॉलरचा स्कॅनरही ते उघडू शकत नाही. त्यासाठी पैसे घालू नका.

आणखी थोडं. कॅलिफोर्नियात घरी ऐकायला मनाई नाही, पण ऐकलेलं गुन्ह्यासाठी वापरलं तर तो वेगळा गुन्हा. न्यूयॉर्क, फ्लोरिडासारख्या राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत, फिरायला जाताना सोबत नेऊ नका. ऐकलेले पत्ते मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, त्या घरात कुणीतरी असतं. भारतात सुट्टीला जाताना तर बॅगेत अजिबात नको, तिथे १९३३च्या कायद्यापासून वायरलेस संच जवळ बाळगायलाच परवाना लागत आलाय. आणि घर सोडायचा आदेश आला की स्कॅनर ऐकत बसायचं नाही. उचलायचा आणि निघायचं.

घरच्यांना अजून पटत नसेल तर एका संध्याकाळी फोनचा डेटा आणि वायफाय बंद करून त्यांना अ‍ॅप लावायला सांगा. आमच्या साडूंनी त्या नोव्हेंबरात स्वतःचा बीसी१२५एटी मागवला आणि चॅनल माझ्याकडून भरून घेतले. काउंटीचं नाव खाली लिहा, तुम्हालाही यादी देतो.