इझ्बिस्टर हे आडनाव मूळचं कुठलं, आणि कॅनडातल्या क्री कुटुंबांमध्ये ते कसं पोहोचलं?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठात इझ्बिस्टर नावाची इमारत आहे आणि सोबत काम करणाऱ्या एका क्री (कॅनडातल्या एका मूळनिवासी समाजातल्या) सहकाऱ्याचं आडनावही तेच आहे. तो ते स्कॉटलंडचं असल्याचं सांगतो, पण नावात 'मॅक' नाही आणि क्लॅनच्या, म्हणजे स्कॉटिश कुळांच्या, यादीतही ते सापडत नाही. मग ते आलं कुठून, आणि त्याला आपलं घराणं शोधायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

सहकारी बरोबर सांगतोय. आडनाव स्कॉटलंडचंच आहे, फक्त डोंगराळ भागातल्या गेलिक लोकांचं नाही. ते ऑर्कनीचं आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पेंटलंड फर्थची सामुद्रधुनी ओलांडली की हा द्वीपसमूह लागतो. १४६८ पर्यंत तिथे नॉर्वेच्या राजाची सत्ता होती. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियान याने मुलगी मार्गारेट हिच्या हुंड्यापोटी ऑर्कनी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवलं, पुढच्या वर्षी शेटलंडही ठेवलं, आणि ते गहाण कधी सुटलंच नाही. तिथली नॉर्न नावाची नॉर्स (जुन्या नॉर्वेजियन वळणाची) बोली अठराव्या शतकापर्यंत टिकून होती. म्हणून तिथली जुनी आडनावं क्लॅनची नसून शेतवाड्यांची आहेत.

इझ्बिस्टर मधला 'बिस्टर' हा 'शेतवाडी' या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. हाच शब्द केथनेसमध्ये लायब्स्टर, स्क्रॅब्स्टर अशा गावांच्या शेवटी दिसतो, तर लुईस आणि स्काय बेटांवर त्याचं 'बॉस्ट' झालं. ऑर्कनीतच किर्बिस्टर, स्वॅनबिस्टर, फूबिस्टर अशी नावं आहेत, आणि फूबिस्टर हेही आडनाव म्हणून चालतं. पहिल्या भागाचा अर्थ 'पूर्वेकडची' असा सरसकट दिला जातो, पण सगळ्या इझ्बिस्टरना एकच अर्थ लावू नये असं माझं मत आहे. प्रत्येक ठिकाणाच्या नावाचं सर्वांत जुनं लेखन काय होतं, ते पाहूनच ठरवावं.

'प्रत्येक ठिकाणाच्या' म्हणतो, कारण इझ्बिस्टर एक नाही. ऑर्कनीत बर्से पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला विभाग) एक आहे, रेंडल पॅरिशमध्ये दुसरं, आणि साउथ रॉनल्डसे बेटाच्या आग्नेय कडेला तिसरं. या तिसऱ्या ठिकाणच्या शेतातच १९५८ मध्ये नवाश्मयुगीन दगडी थडगं सापडलं. त्यात माणसांच्या हाडांसोबत समुद्री गरुडांची हाडं होती, म्हणून ते 'गरुडांचं थडगं' या नावाने प्रसिद्ध झालं. शेटलंडमध्येही व्हॉल्से बेटावर आणि नॉर्थमेव्हिनमध्ये इझ्बिस्टर आहेत. पिंपळगावकर म्हटल्यावर आपण 'कुठलं पिंपळगाव?' असं आधी विचारतो, आणि दोन पिंपळगावकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं धरत नाही. इझ्बिस्टरबाबत नेमकं तेच धोरण ठेवायचं. या आडनावाचा एकच मूळपुरुष शोधणं हीच पहिली चूक ठरते.

आडनाव बनण्याची रीतही समजून घ्यायला हवी, नाहीतर जुने कागद चुकीचे वाचले जातात. ऑर्कनीच्या खंडवसुलीच्या नोंदी १४९२ पासूनच्या मिळतात. त्या काळात माणसाच्या नावापुढचं 'इझ्बिस्टर' म्हणजे पत्ता असायचा. तो दुसऱ्या वाडीवर गेला की मागचं नाव सुटून नवं लागू शके. स्कॉटलंडच्या जुन्या कागदांत आणखी एक बारकावा आहे. 'ऑफ इझ्बिस्टर' लिहिलेला माणूस जमिनीचा मालक असतो आणि 'इन इझ्बिस्टर' लिहिलेला कूळ असतो. एवढ्याशा शब्दावर संशोधनाची दिशा बदलते, कारण मालकाचा माग खरेदीखत आणि वारसाच्या कागदांत मिळतो, तर कुळाचा माग बहुधा फक्त खंडाच्या यादीत आणि चर्चच्या नोंदीत लागतो. ऑर्कनीत ऊडल नावाचा नॉर्स जमीनकायदा चालत असे. त्यात सगळ्या मुलांना हिस्सा मिळायचा, मुलींना मुलाच्या निम्मा. जमिनीचे तुकडे होत गेले आणि एका वाडीच्या नावाची अनेक छोटी घरं तयार झाली. वर कुणी सरदार नाही, म्हणून क्लॅन नाही, क्लॅनचं टार्टन म्हणजे चौकड्यांचं खास कापडही नाही. 'इझ्बिस्टर घराण्याचं चिन्ह' म्हणून दुकानात जे विकतात ते घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह लॉर्ड लायनच्या कार्यालयातून एका व्यक्तीला मिळतं, सगळ्या आडनावाला मिळत नाही.

आता प्रसाराबद्दल. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर हे आडनाव विरळच आहे. जिथे दिसतं तिथे बहुतेक वेळा कुणीतरी ऑर्कनी किंवा शेटलंडहून एडिंबराजवळच्या लीथसारख्या बंदरांकडे जहाजावर किंवा गोदीत कामाला आलेलं असतं. ऑर्कनीत ते पश्चिम भागात आणि साउथ रॉनल्डसेच्या आसपास, म्हणजे मूळ वाड्यांच्या जवळ, जास्त जमतं. शेटलंडमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे बापाच्या नावाला 'सन' किंवा 'डॉटर' जोडण्याची रीत अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली, त्यामुळे स्थिर आडनावं उशिरा आली. शेटलंडचा इझ्बिस्टर मागे शोधताना १८०० च्या आधी त्याचा बाप वेगळ्याच नावाने सापडला तर गोंधळून जाऊ नका.

कॅनडात हे आडनाव हडसन बे कंपनीने नेलं. फर विकत घेणारी ही इंग्रज कंपनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून ऑर्कनीत माणसं भरती करू लागली. लंडनहून निघालेली जहाजं स्ट्रॉमनेस बंदरात शेवटचं गोडं पाणी भरत, आणि तिथेच माणसं चढत. होडी, थंडी आणि कष्ट यांची सवय असलेले, थोडंफार लिहिता-वाचता येणारे आणि कमी पगारावर तयार होणारे तरुण कंपनीला हवेच होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या तिकडच्या नोकरांपैकी जवळपास तीन चतुर्थांश ऑर्कनीचे होते. स्ट्रॉमनेसच्याच जोसेफ इझ्बिस्टरने १७४३ मध्ये हेन्ली हाउस हे कंपनीचं आतल्या भागातलं ठाणं उभारलं.

ठाण्यांवर गोऱ्या स्त्रिया नव्हत्या. नोकरांनी क्री आणि इतर मूळनिवासी स्त्रियांशी तिकडच्या रिवाजाने संसार थाटले. १८२१ मध्ये हडसन बे कंपनी आणि नॉर्थ वेस्ट कंपनी एक झाल्या, नोकऱ्या कमी झाल्या, आणि यातली कितीतरी कुटुंबं रेड नदीकाठच्या वसाहतीत, म्हणजे आजच्या विनिपेगच्या परिसरात, येऊन राहिली. तिथे क्री भाषा आणि ऑर्कनीची स्कॉट्स बोली यांच्या मिश्रणातून बंगी नावाची इंग्रजीची एक वेगळीच बोलीही तयार झाली.

तुमच्या विद्यापीठातली इमारत ज्याच्या नावाची आहे तो अलेक्झांडर केनेडी इझ्बिस्टर याच मिश्र समाजातला. जन्म १८२२, कंबरलंड हाउस ठाण्यावर. वडील थॉमस ऑर्कनीचे, कंपनीत कारकून. आईचे वडील कंपनीतले मोठे अधिकारी, तेही ऑर्कनीचे, आणि आईची आई क्री. काही वर्षं कंपनीत काढून तो ब्रिटनला गेला, शिकला आणि लंडनमध्ये शाळेचा मुख्याध्यापक झाला. रेड नदीच्या लोकांची कंपनीच्या मक्तेदारीविरुद्धची तक्रार त्याने १८४७ मध्ये ब्रिटिश सरकारपुढे मांडली आणि १८५७ च्या संसदीय समितीपुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये तो गेला, तेव्हा आपली संपत्ती आणि हजारो पुस्तकं त्याने मॅनिटोबा विद्यापीठाला ठेवली, आणि त्यातून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीत लिंग, वंश, पंथ यांचा भेद करू नये अशी अट घातली. त्या काळात ही अट घालणारा माणूस मला फार मोठा वाटतो. या आडनावाचा दुसरा नामवंत म्हणजे जेम्स इझ्बिस्टर, मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) समाजाचा पुढारी. १८६२ मध्ये तो जिथे शेती करू लागला तिथे पुढे सस्कॅचेवानमधलं प्रिन्स अल्बर्ट शहर वाढलं. १८८४ मध्ये मेटींचा नेता लुई रिएल याला मॉंटॅनाहून परत आणायला गेब्रिएल ड्यूमॉंसोबत जे गेले त्यांत तो होता. आजही मॅनिटोबा आणि सस्कॅचेवानमधल्या क्री आणि मेटी वस्त्यांमध्ये हे आडनाव आहे ते या इतिहासामुळे.

आता शोध. सुरुवात ऑर्कनीतून करू नका, सहकाऱ्याच्या आजी-आजोबांपासून करा आणि एकेक पिढी कागदाने जोडत मागे जा. १९०१ च्या कॅनडाच्या जनगणनेपर्यंत पोहोचलात की वंशाचा रकाना नीट वाचा. मिश्र वंशाच्या माणसांसाठी गणकांना छोटी अक्षरं ठरवून दिली होती, स्कॉटिश-मूळनिवासी असेल तर 'एस. बी.'. त्यामागचा मोठा साठा म्हणजे मेटी स्क्रिपचे अर्ज. १८७० नंतर मेटी लोकांच्या जमिनीवरच्या हक्काच्या बदल्यात सरकारने १६० किंवा २४० एकरांची अथवा तेवढ्या डॉलरांची प्रमाणपत्रं दिली. ती मागताना शपथेवर जन्माचं साल, ठिकाण, आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं नाव, मुलं, हे सगळं सांगावं लागे. हे अर्ज कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. कुटुंब ट्रीटीत, म्हणजे सरकारने मूळनिवासी समाजांशी केलेल्या करारात, गेलं असेल तर स्क्रिपऐवजी ट्रीटीचे पैसे दिल्याच्या वार्षिक याद्या पाहाव्या लागतात. एकाच घरातला एक भाऊ स्क्रिपमध्ये आणि दुसरा ट्रीटीत असं सर्रास घडलेलं आहे, म्हणून दोन्हीकडे बघा.

यानंतरचा कागद सगळ्यांत मोलाचा, आणि तो तुमच्या शहरातच आहे. हडसन बे कंपनीचं दप्तर १९७४ मध्ये लंडनहून विनिपेगला आलं आणि आता मॅनिटोबाच्या अभिलेखागारात आहे. तिथे नोकरांची एकेक पानी चरित्रपत्रकं बनवलेली आहेत, ती संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. पत्रकाच्या वरच्या बाजूला नाव, पॅरिश आणि नोकरीत शिरल्याची तारीख असते. खाली वर्षनिहाय हुद्दा, ठाणं, जिल्हा आणि मूळ वहीचा क्रमांक. वर्ष मात्र १ जून ते ३१ मे असं धरलेलं असतं. 'आउटफिट १८३०' म्हणजे जून १८३० ते मे १८३१. हे विसरलं तर मुलाच्या जन्मवेळी बाप भलत्याच ठाण्यावर असल्यासारखा दिसतो आणि चांगला धागा उगाच तोडला जातो. पॅरिशचा रकाना भरलेला असेल तर बर्से, रेंडल की साउथ रॉनल्डसे हा प्रश्न तिथेच सुटतो. नुसतं 'ऑर्कनी' असेल तर मूळ करारपत्र मागवा, त्यात पॅरिश मिळण्याची शक्यता असते.

पॅरिश हाती आल्यावरच स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर जा. तिथे १८५५ पासूनची जन्म, विवाह, मृत्यूची सक्तीची नोंदणी, १८४१ पासूनची दर दहा वर्षांची जनगणना आणि त्याआधीची चर्चची रजिस्टरं आहेत. सूचीत शोधणं फुकट, मूळ पानाचं चित्र पाहायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. तुमचा माणूस १८५५ च्या आधी कॅनडाला गेला असला तरी मागे राहिलेल्या त्याच्या भावाचा किंवा बहिणीचा १८५५ नंतरचा मृत्यूदाखला शोधा. त्यात दोन्ही आईवडिलांची नावं आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. स्वतः १८५५ चे दाखले तर खजिनाच आहेत, कारण त्या एका वर्षी जास्तीची माहिती मागितली होती, ती पुढच्या वर्षापासून कमी केली.

स्पेलिंगसाठी शोधपट्टीत तारांकन वापरा. इझ्बेस्टर, एझ्बिस्टर, इझ्बस्टर अशी लेखनं एकाच कुटुंबात, कधी एकाच माणसाच्या दोन दाखल्यांत सापडतात. हस्तलिखितातला मोठा 'आय' हा 'जे' वाचला गेल्याने काही नोंदी जे अक्षराखाली लागतात, म्हणून तिथेही एकदा शोधा. निस्बेट हे मात्र वेगळंच, दक्षिण स्कॉटलंडचं आडनाव आहे. प्रिन्स अल्बर्टच्या इतिहासात जेम्स इझ्बिस्टर आणि जेम्स निस्बेट नावाचा मिशनरी असे दोघे आहेत, त्यांची गल्लत सहज होते.

शेवटची अडचण एकाच नावाच्या अनेक माणसांची. पहिल्या मुलाला आजोबाचं नाव देण्याच्या रिवाजामुळे एका पॅरिशमध्ये एकाच दशकात तीन-चार जेम्स किंवा जॉन इझ्बिस्टर सापडतात. त्यांना बायकोच्या माहेरच्या आडनावावरून (स्कॉटलंडच्या नोंदींत ते जपलेलं असतं, थडग्याच्या दगडावरसुद्धा) आणि घराच्या नावावरून वेगळं करायचं. घराचं नाव जनगणनेत किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदीत मिळतं. ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच्या पहिल्या आवृत्तीच्या सहा इंची (एका मैलाला सहा इंच प्रमाणाच्या) नकाशावर शोधा, लहानात लहान वाडीही त्यावर नावासकट आहे. फक्त ऑर्कनीच्या कागदांत 'मेनलँड' लिहिलं असेल तर ते समूहातलं सर्वांत मोठं बेट समजा, स्कॉटलंडची मुख्य भूमी नव्हे.