उंच टाचा एकदम सोडू नका, आणि दाखल्याचे शब्द नीट पाहून घ्या

ताई, खानापूरहून रोज बेळगावला येऊन तीन इंची टाचेच्या बुटांवर दिवसभर दालनात उभे राहणे, संध्याकाळी चवड्याखाली होणारी आग, रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे आणि आखडलेली कंबर, हे सारे आपण लिहिलेले वाचले आणि माझीच जुनी तक्रार कोणीतरी मांडली आहे असे वाटले. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. उद्यापासून हे बूट टाकून सपाट कोल्हापुरी वापरावी का, असे आपण विचारले आहे. जरूर वापरा, पण उद्यापासून नको.

वर्षानुवर्षे टाच उचललेली राहिली की पोटरीचे स्नायू आखूड होतात आणि टाचेमागची जाड शीर ताठर बनते. अशा पायात एकाएकी सपाट चप्पल आली तर ती शीर व तळव्याचा पडदा दोन्ही ताणले जातात आणि चवड्याचे दुखणे जाऊन टाचेचे सुरू होते. म्हणून टाचेची उंची दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवावी. सोबत भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला घट्ट ठेवून अर्धा मिनिट पोटरी ताणावी. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा करावे.

कंबरेचा बाक हील्समुळे वाढतो असे सर्रास सांगितले जाते, पण मोजमाप करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत; काहींत तो कमी झालेलाही आढळला. गुडघ्याबाबत मात्र १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास, थोड्याच स्त्रियांवर झालेला असला तरी, मला महत्त्वाचा वाटतो: अनवाणी चालण्याच्या तुलनेत गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा जोर उंच टाचांनी सरासरी २३ टक्के अधिक भरला. तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मध्ये आग होत असेल, किंवा बुटात खडा अडकल्यासारखे वाटत असेल, तर तिथली नस दबलेली असू शकते. अशा वेळी, आणि मधुमेह असेल तर त्याहून आधी, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

मला सर्वांत महाग पडले ते मात्र पायाचे दुखणे नव्हे, तर आमच्या मालकांचे मुख्य कार्यालय. डॉक्टरांच्या दाखल्यावर ‘उंच टाचा वापरू नयेत’ एवढेच लिहिले होते, आणि गणवेशातले बूट चालत नाहीत म्हणजे ही बाई कामालाच अयोग्य, असा त्याचा अर्थ लावून मला बिनपगारी रजेवर बसवण्यात आले. कन्नडमध्ये अर्ज दिला तर इंग्रजीत मागितला, इंग्रजीत दिला तर तो शाखेमार्फत यायला हवा म्हणून परत पाठवला, आणि शाखेत विचारले की ‘वरून उत्तर आलेले नाही’ हे ठरलेले वाक्य ऐकावे लागे. ग्राहकासमोर उभी असलेली बाई दोन इंच उंच दिसल्याने जास्त माल खपतो, हा या मंडळींचा समज कुठून आला ते मला आजही उमगलेले नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१७ मध्ये नोकरीत उंच टाचांची सक्ती करण्यास मनाई केली. पण त्या नियमाचा आपल्याकडे काही उपयोग नाही.

म्हणून डॉक्टरांना विनंती करून दाखल्यावर तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: आपण नेहमीच्या कामास पूर्ण योग्य आहात, बुटाची टाच अमुक उंचीपर्यंतच असावी, आणि पुढचा भाग रुंद असावा. तिसरी गोष्ट राहून गेली की टाच नसलेले, पण टोकाला निमुळते आणि पातळ तळाचे बूट हाती देतात, ज्यात अंगठ्याचे हाड तितकेच चेपते.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय सुजतो. दोन्ही पावलांचे ठसे कागदावर काढून सोबत न्यावेत. कोल्हापुरीची निवड वाईट नाही, अथणी-निपाणीकडचे कारागीर मापानेही करून देतात, पण तिचा तळ कडक असतो आणि टाचेला मागून आधार नसतो. त्यामुळे सुरुवातीला ती घरात तासभर घालावी, आणि एस.टी.च्या प्रवासात मऊ तळाचे, पट्ट्याचे सँडल वापरून कामाचे बूट पिशवीत न्यावेत.

अर्ज देताना मात्र दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये.