इतकी औषधं असताना कॉलरा अजून का होतो?

कॉलऱ्यावर सलाइन आहे, गोळ्या आहेत, लस आहे, तरी पावसाळा आला की साथ कशी येते, असं तुम्ही विचारलंय. मी 21 वर्षं ग्रामीण भागात आरोग्यसेवक होतो, तेव्हा पाहिलेलंच सांगतो.

एका गावात नळाला दिवसाआड पाणी यायचं. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि पाइप जिथे फुटका असेल तिथून बाहेरची घाण आत शिरते. तिथे तर मेन लाइन गटारातूनच नेलेली. फुटक्या सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली मी स्वतः पाहिली. टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पूड, रोज पडत होती. पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी ओटी टेस्ट टाकीजवळच्या नळाला छान पिवळी यायची. शेवटच्या गल्लीत केली तर नळीतल्या पाण्याचा रंग बदललाच नाही, म्हणजे क्लोरीन उरलंच नव्हतं. आणि ढाळ-वांतीचे बहुतेक पेशंट त्याच गल्लीतले.

त्यातल्याच एक मावशी सकाळी जीपमधून आल्या. मध्यरात्रीपासून तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, नाडी हाताला लागेना. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. डॉक्टरांनी दोन्ही हातांना सलाइन लावून जोरात सोडलं. दुपारी मावशी उठून बसल्या आणि म्हशीची धार कोणी काढली, म्हणून विचारू लागल्या. त्या दिवशी जीप मिळाली नसती तर? हा विचार अजून पाठ सोडत नाही.

कॉलऱ्यात माणूस जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार संपून. पण साखरेबरोबर मीठ आत ओढून घेण्याची आतड्याची ताकद शाबूत असते. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ड्रमच्या ड्रम भरले आणि नातेवाइकांनाच पेशंटला पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्याही खाली आलं. आपलं ओआरएस ते हेच. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दवाखान्यात पोचेपर्यंत घोट घोट देत राहा, उलटी झाली तरी दहा मिनिटांनी पुन्हा द्या.

लसीचा उपयोग आहेच, पण ते संरक्षण काही वर्षांचं. जुलै 2022 मध्ये मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारीला माणसं दगावली, ती उघड्या विहिरीचं पाणी प्यायल्याने. प्यायला दुसरं पाणीच नव्हतं त्यांना.

तुमच्या गावात चौकशी करायची असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटा. ओटी टेस्ट टाकीपाशी नको, शेवटच्या घराच्या नळाला करायला सांगा, आणि पाणी सुटल्या सुटल्या.