क्लोरीनचा वास येतो, डोळे चुरचुरतात, तरी पूलचं पाणी हिरवं का?

तासगावजवळच्या फार्महाऊसवर तुमचा ४०,००० लिटरचा पूल आहे, मार्चपासून त्यात टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड, म्हणजे हळूहळू विरघळणारं क्लोरीन) गोळ्या चालू आहेत, मुलांचे डोळे लाल होतात, म्हणून क्लोरीन बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून बंद करू नका. उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त झालं, असा समज सगळीकडे आहे, पण बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाईन बनतं. वास आणि चुरचुर त्याचीच.

ग्रामपंचायतीत करतात ती पिवळ्या रंगाची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट इथे पुरत नाही, ती मोकळं (जंतू मारायला शिल्लक असलेलं) आणि बांधलेलं (क्लोरामाईन झालेलं) क्लोरीन एकत्रच दाखवते. ही दोन्ही वेगवेगळी दाखवणारं डीपीडी किट घ्या. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवं, पीएच ७.२ ते ७.६. पीएच ८ झाला की क्लोरीनचा जेमतेम पाव भाग जंतू मारायच्या कामाचा उरतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात पीएच चढलेला असू शकतो, म्हणून तो आधी बघा.

मला खरा संशय गोळ्यांवर आहे. त्यांत सायन्युरिक अ‍ॅसिड असतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते लागतंच. पण ३० ते ५० पीपीएमपर्यंतच. क्लोरीन उडून जातं, हे मात्र पाण्यातच साठत राहतं, फिल्टरनेही निघत नाही. १०० च्या पुढे गेलं की २ पीपीएम क्लोरीन असूनही शेवाळ धरतं. तपासून घ्या, तेवढं निघालं तर निम्मं पाणी बदलण्याशिवाय इलाज नाही. काढलेलं पाणी क्लोरीन उतरल्याशिवाय बागेत किंवा ओढ्यात सोडू नका.

मग गोळ्या थांबवून हायपो (सोडियम हायपोक्लोराईट, म्हणजे पातळ क्लोरीन) वापरा. तुमच्या पूलमध्ये १ पीपीएम वाढवायला १० टक्क्यांचं साधारण ४०० मिली लागतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर स्वस्त पडते, पण तिच्यातलं कॅल्शियम जड पाण्यात आणखी भर घालतं आणि उघड्या पोत्यात तिचा जोर जातो. पाण्याचा हिरवेपणा घालवायला संध्याकाळी मोकळं क्लोरीन एकदम १० पीपीएमपर्यंत चढवा, भिंती घासा, फिल्टर रात्रभर चालू ठेवा.

एक फार महत्त्वाचं: टीसीसीए आणि टीसीएल कधीही एकत्र करू नका, एकाचा डबा-चमचा दुसऱ्याला लावू नका. स्फोट होऊ शकतो. अ‍ॅसिडही दोन्हींपासून लांब ठेवा, विषारी वायू सुटतो. आणि मोकळं क्लोरीन ३ वर येऊन तळ स्वच्छ दिसेपर्यंत मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.